पाणी सोडून देणारी बाग : कोकणातील पावसाळी परसाचा इतिहास

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत भाजीपाल्याचा इतिहास म्हणजे पाणी मिळवण्याचा इतिहास आहे. विहीर, मोट, पाट आणि पाळी या शब्दांभोवतीच देशावरच्या मळ्याची भाषा घडली. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या कोकणपट्टीत मात्र घरापुरती भाजी करणाऱ्यांपुढे वर्षातले चार महिने नेमका उलट प्रश्न उभा राहत आला आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या काळातच कोसळतो. एवढ्या पाण्यात बी कुजू न देता रुजवायचे, ऊन दिसत नसताना वेल वाढवायचा आणि झडीत फुललेल्या फुलाला फळ धरेल अशी तजवीज करायची, यासाठी पिढ्यानपिढ्या जी रीत रुळली, तिचे क्षेत्र म्हणजे घराचे परस होय. परस किंवा परसू म्हणजे घराच्या मागल्या अंगाची, न्हाणी, विहीर आणि गोठा यांच्या लगतची जागा. दक्षिण कोकणात तिलाच परडे म्हणतात. या जागेतल्या बागेचा इतिहास लिहिताना पाणी कसे आणले याचा नव्हे, तर पाणी कसे सोडून दिले याचा शोध घ्यावा लागतो.

कोकणी घराला परसाची गरज भूगोलानेच लावून दिली होती. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागला की गलबते आणि मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवली जात, पुढे एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या तेव्हा त्याही पावसाळ्यात बंद राहत, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत, कित्येकदा त्यानंतरही काही काळ, बंदरांवरची ये-जा थांबलेली असे. नद्या-ओढे भरून वाहू लागल्यावर घाटवाटाही अवघड होत. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी, ज्या काळाला आगोट म्हणतात त्या काळात, घरोघर बेगमी केली जाई. सुकी मासळी, कुळीथ, वाल, आमसुले, आंबोशी, मीठ, मिरची, कांदे, जळाऊ लाकूड आणि शेणी असा चार महिन्यांचा साठा माळ्यावर आणि पडवीत रचला जाई. हिरवी भाजी मात्र साठवता येत नाही. बेगमीत जे बसत नव्हते ते भरून काढण्याचे काम परसाकडे होते, आणि म्हणूनच परसातली पेरणी ही भातशेतीइतकीच वेळेवर होणारी, घरच्या व्यवस्थेचा भाग असलेली गोष्ट होती.

या बागेची बांधणी पाहिली की तिच्यामागचा विचार स्पष्ट होतो. उन्हाळ्यात वेलभाजी लावताना आळे करतात, म्हणजे बुंध्याभोवतीची माती खोलगट ठेवून पाणी धरून ठेवतात. पावसाळी परसात त्याच वेलासाठी माती, कुजलेले शेणखत आणि राख यांचा उंचवटा करून बी त्याच्या माथ्यावर टोचतात, जेणेकरून पडलेले पाणी चारी बाजूंनी ओघळून जावे. पालेभाजीसाठी गादीवाफा केला जातो, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच असा सपाट वाफा, आणि माठाचे बारीक बी राखेत किंवा बारीक मातीत मिसळून त्यावर विरळ विस्कटले जाते. बी रुजेपर्यंत थेंबांच्या माऱ्याने ते उघडे पडू नये म्हणून वर नारळाची झापे, म्हणजे विणलेल्या झावळ्या, टाकण्याची पद्धत आहे. पागोळी, म्हणजे कौलांच्या कडेवरून पडणारी पाण्याची धार, जिथे पडते त्या रेषेत काही लावायचे नाही, हा नियमही याच अनुभवातून आला. जांभ्या दगडापासून बनलेली कोकणातली तांबडी माती पाण्याचा निचरा लवकर करते, पण त्या पाण्याबरोबर तिचा कसही वाहून जातो. त्यामुळे खत एकदम न घालता दर उघडिपीला, म्हणजे पाऊस थांबलेल्या अवधीत, थोडे-थोडे शेण आणि राख बुंध्याशी देण्याला महत्त्व आले. चुलीतली राख पानांवर धुरळली की वेलाची कोवळी पाने कुरतडणारे तांबडे भुंगेरेही काही काळ दूर राहतात, म्हणून ती दुहेरी उपयोगाची ठरली.

परसातली सर्वांत महत्त्वाची रचना मात्र मांडवाची आहे. माणग्यासारख्या बांबूच्या काठ्या, पांगाऱ्याचे खुंट आणि नारळाच्या काथ्याचे सुंभ एवढ्यावर उभा राहणारा हा मांडव माणसाच्या डोक्याहून थोडा उंच असतो. पांगाऱ्याचा खुंट पावसात रुजून पालवतो, त्यामुळे तो कुजत नाही आणि पुढच्या वर्षीही उभाच सापडतो. मांडवावर चढलेल्या वेलाची पाने भिजली तरी वाऱ्याने लवकर सुकतात, आणि सतत ओल्या पानांवर बळावणारा केवडा हा बुरशीचा रोग त्यामुळे थोडा तरी आवरला जातो. फळे जमिनीला न टेकता खाली लोंबत राहतात, म्हणून चिखलाने सडत नाहीत. पडवळ वीत-दीड वीत वाढले की त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधतात. त्या वजनाने ते वेटोळे न घेता सरळ खाली उतरते, आणि श्रावणात मांडवाखाली उभे राहिले की फिकट हिरव्या रेघांची पडवळे आणि त्यांच्या टोकांचे दगड एका ओळीत लोंबताना दिसतात. पडवळाचे झालरीसारखे पांढरे फूल आणि शिराळ्याचे, म्हणजे दोडक्याचे, पिवळे फूल दोन्ही दिवस कलताना उमलतात आणि त्यांच्यावर संध्याकाळी व रात्री उडणारे पतंग येतात. या वेलांवर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे असते, त्यामुळे संध्याकाळच्या वेळी झड लागून राहिली की पराग वाहून जातात, कीटक फिरकत नाहीत आणि कोवळी फळे पिवळी पडून गळतात. लागोपाठ आठ दिवस पाऊस न उघडल्यास मांडव हिरवागार असूनही ताटात भाजी नसते, याचे कारण यात आहे.

पाण्याला टाळता येत नसेल तर पाण्यातच वाढणारे लावावे, हा या बागेचा दुसरा विचार होता आणि अळू हे त्याचे ठळक उदाहरण आहे. न्हाणीचे सांडपाणी जिथे वाहते तिथे अळवाचा ताफा असतो. त्याच्या देठांत हवा खेळवणाऱ्या पोकळ्या असल्याने मुळे पाण्यात असूनही ते गुदमरत नाही. अळवाची खाज त्याच्या पेशींतल्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येते, आणि म्हणून फदफदे किंवा अळूवडी करताना चिंच, कोकम किंवा आंबाडा घालण्याची जी रीत आहे ती केवळ चवीसाठी नाही. सुरण, करांदे आणि कणग्या ही कंदपिके याच्या अगदी उलट वागतात. पावसाळाभर ती जमिनीत वाढत राहतात आणि पाऊस सरल्यावर काढली जातात, त्यामुळे परसाचा उपयोग हिवाळ्यापर्यंत लांबतो.

या रीतीला लेखी आधार फार थोडा सापडतो, पण जो सापडतो तो मोलाचा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांपासून पुढच्या छत्रपतींच्या सेवेत असलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास आज्ञापत्र सिद्ध केले. त्यातल्या दुर्गांविषयीच्या भागात गडावरच्या स्वच्छतेबद्दल सूचना देताना असे सांगितले आहे की, झाडलेला केर गडाखाली न टाकता जागोजागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून घरोघर होतील तेवढे भाजीपाले करवावेत. राज्यकारभाराच्या ग्रंथात घराच्या परसाला मिळालेली ही जागा लक्षणीय आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे गड पावसाळ्यात धुक्याने आणि पाण्याने वेढलेले असत. धान्याचे कोठार आधी भरून ठेवता येई, भाजीचे भरता येत नसे. अमात्यांच्या घराण्याची जहागीर असलेला गगनबावडा हा वर्षाला ५,००० मिलिमीटरांच्या पुढे पाऊस झेलणारा भाग आहे, हे ध्यानात घेतले तर राख आणि भाजी यांची ही जोडी केवळ कागदावर सुचलेली नसून त्या ओल्या मुलखातल्या घरोघरच्या अनुभवातून आलेली असावी, असा तर्क करता येतो.

परसातल्या वनस्पतींचा वंशेतिहास पाहिला तर त्यात दोन थर दिसतात. पहिला थर भारतीय उपखंडात फार प्राचीन काळापासून असलेल्या वेलींचा आहे. काकडीची मूळ जंगली जात हिमालयाच्या पायथ्याशी आजही उगवते, आणि तिचे कोकणातले मोठे, जाड सालीचे रूप तवसे या नावाने ओळखले जाते. पडवळ, शिराळे, घोसाळे, कारले आणि अळू हेही याच जुन्या थरातले होत. संस्कृतातल्या पटोल या शब्दाशी नाते सांगणारे पडवळ हे नाव मलबारात पडवलम् या रूपात आढळते, आणि डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून बारा खंडांत प्रसिद्ध करवलेल्या ‘होर्टस मलाबारिकस’ या ग्रंथात ते त्याच नावाने नोंदले गेले. या ग्रंथाच्या कामी मदत करणाऱ्यांत कोचीनला स्थायिक झालेले रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांनी १६७५मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात छापला गेला. पश्चिम किनाऱ्याच्या वनस्पतिज्ञानाच्या छापील इतिहासात कोकणी माणसांची साक्ष अशी नोंदली गेली आहे. दुसरा थर बाहेरून आलेल्यांचा आहे. भेंडी आफ्रिकेकडून आली, तर लाल भोपळा, मका आणि मिरची ही अमेरिका खंडातली पिके १५१०मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतरच्या काळात किनाऱ्यावर पसरली. यांपैकी लाल भोपळ्याचा वेल गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडांच्या सुट्या रचलेल्या कुंपणभिंतीवर, चढवून दिला की मांडवही लागत नाही. परक्या पिकाला परसाने आपल्या पद्धतीत असे सामावून घेतले. मिरचीला मात्र मुळांशी पाणी साचलेले सोसत नाही, म्हणून ती प्रामुख्याने पावसाळ्यानंतरच्या ओलीवरचे पीक राहिली आणि आगोटीच्या बेगमीत सुकी म्हणून येत राहिली.

एकोणिसाव्या शतकातल्या महसुली मोजणीने कोकणातल्या जमिनींचे भात, बागायत आणि वरकस असे ढोबळ वर्ग केले. वरकस म्हणजे डोंगरउताराची, नाचणी-वरीची हलकी जमीन. भाताच्या उत्पन्नाचा वाटा खोताकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराकडे, जात असल्याने त्याची मोजदाद काटेकोर होती. परसातला मांडव खंडी-मणात मोजण्याजोगा नव्हता, म्हणून त्याची गणना कागदोपत्री फारशी उमटली नाही. याच शतकात, १८५४मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाल्यानंतर, गिरण्यांना लागणाऱ्या मजुरांचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्याने पुरवला. घरचे तरुण पुरुष मुंबईला राहू लागले, घर मनिऑर्डरीच्या वाटेकडे डोळे लावून बसले, आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे यांचा भार गावात राहिलेल्या स्त्रियांवर पडला. परस आधीपासूनच बायकांच्या हातचे होते. आता ते त्यांच्या एकटीच्या हिमतीवर चालणारे अन्नाचे साधन झाले. या बागेची अक्कल सासूकडून सुनेकडे बोलण्यातून आणि करण्यातून गेली, लिहिली गेली नाही, आणि तिच्या इतिहासातली सर्वांत मोठी पोकळी त्यामुळेच निर्माण झाली आहे.

लेखी नोंदीची जागा येथे पंचांगाने आणि सणांनी घेतली. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लागणाऱ्या रोहिणी नक्षत्रात, किंवा उशिरात उशिरा जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागताच, वेलभाज्यांचे बी टोचायचे, म्हणजे आर्द्रा नक्षत्राचा जोर सुरू होण्यापूर्वी वेलाला मूळ धरता येते. पुढे तरणा आणि म्हातारा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांच्या पावसात घरातल्या साऱ्या बायका भातलावणीला चिखलात उतरलेल्या असतात, परसाकडे पाहायला कुणाला सवड नसते, आणि मांडवही अजून फळाला आलेला नसतो. आषाढातली ही उणीव रानभाज्या भरून काढत आल्या आहेत. पहिल्या पावसाबरोबर शेवळे जमिनीतून वर येते, मागोमाग टाकळा, कुर्डू, फोडशी आणि भारंगी येतात. शेवळ्याची खाज मोडण्यासाठी काकडाची आंबट फळे घालायची, आणि टाकळा कोवळा आहे तोवरच खुडायचा, हे ज्ञानही परसाच्या ज्ञानाला जोडूनच चालत आले. श्रावणात मांडव लागू लागला की ताटाचा भार पुन्हा परसाकडे येतो.

नागपंचमीला चिरू नये, कापू नये, जमीन खणू नये असा संकेत आहे, आणि त्या दिवशी परसातल्या हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवल्या जातात. या साऱ्या सणांत परसाच्या इतिहासाच्या दृष्टीने सर्वाधिक बोलका दिवस ऋषिपंचमीचा आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, सप्तर्षींचे आणि अरुंधतीचे स्मरण करून हे व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या कष्टाचे अन्न घेत नाहीत. नांगरलेल्या जमिनीतले धान्य त्या दिवशी वर्ज्य असते, काही ठिकाणी पाणथळीत आपोआप उगवणारे देवभात चालते, आणि मुख्य अन्न असते ते ऋषीच्या भाजीचे. माठ, अळू, पडवळ, शिराळे, भेंडी, लाल भोपळा, सुरण आणि मक्याचे कणीस यांची ही एकत्र शिजवलेली, मसाल्याला फाटा दिलेली भाजी म्हणजे भाद्रपदातल्या परसाची जवळजवळ पूर्ण यादी आहे. नांगराचे शेत आणि हाताने, कुदळीने किंवा खुरप्याने केलेले परस यांच्यातली सीमारेषा इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही आचारात जपलेली दिसत नाही. विशेष म्हणजे या भाजीत भोपळा, मका आणि भेंडी ही बाहेरून आलेली पिकेही निःशंकपणे सामावली आहेत. व्रताची कसोटी पिकाच्या मूळ देशाची नसून ते कोणाच्या श्रमावर उगवले याची आहे, आणि बाईच्या हाताने वाढलेले ते पवित्र, असा या आचाराचा अर्थ निघतो.

गोव्यात आणि लगतच्या दक्षिण कोकणात हीच गोष्ट माटोळीच्या रूपाने डोळ्यांना दिसते. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट, आणि तिला तवसे, चिबूड, पडवळ, शिराळे, भोपळा, नारळ-सुपारीचे घड यांबरोबर त्या ऋतूत रानात मिळणारी फळेही बांधली जातात. मांडवाला या भागात माटव म्हणतात हे लक्षात घेतले, तर परसातला फळांनी लगडलेला मांडवच जणू देवघरात आणून देवाच्या माथ्यावर धरला आहे, असे या प्रथेचे वर्णन करता येते. गोव्यात शासनाच्या कला आणि संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीच्या स्पर्धा घेतल्या जातात, आणि त्यानिमित्ताने रानातल्या व परसातल्या कितीतरी वनस्पतींची नावे नव्या पिढीच्या कानावर पडतात.

हंगाम सरताना बियाणे राखण्याचे काम येते, आणि दमट हवेत ते सर्वांत अवघड असते. वेलावरचे पहिले-दुसरे चांगले फळ न काढता बियासाठी ठेवले जाते. शिराळे वेलावरच वाळू देऊन जाळीदार सालीसकट चुलीच्या धुराच्या वाटेवर टांगतात, म्हणजे बियांना ओल आणि कीड लागत नाही. काकडीचे बी राखेत किंवा शेणात घोळून स्वयंपाकघराच्या भिंतीला थापून ठेवतात आणि पुढच्या रोहिणीत ते खरवडून काढतात. पिकलेली तवशी आणि भोपळे वाशांना टांगून पुढचे काही महिने वापरले जातात. चूल, धूर, शेणाने सारवलेली भिंत आणि कौलांखालचे वासे हे सारे या बियाणे-भांडाराचे भाग होते, म्हणून घराची बांधणी बदलली तेव्हा बीही हरवू लागले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परसाची गरज हळूहळू कमी झाली. बारमाही रस्ते झाले, १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि घाटमाथ्यावरची भाजी पावसाळ्यातही आठवडा बाजारात येऊ लागली. आगोट हा शब्द उरला, त्यामागचे भय उरले नाही. चुलीची जागा गॅसने घेतली तशी राख संपली, कौलांऐवजी स्लॅब आला तसे वासे गेले, अंगणात आणि परसात लादी बसली, आणि माकडे व रानडुकरे यांच्या उपद्रवाने उरलेल्यांचा धीर खचला. दुसऱ्या बाजूला, १९७२मध्ये दापोलीला स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने कारल्याची ‘कोकण तारा’, पडवळाची ‘कोकण श्वेता’ आणि दोडक्याची ‘कोकण हरिता’ अशा या हवेला मानवणाऱ्या जाती दिल्या, आणि त्यांमुळे वेलभाजीला बाजारही मिळाला. बाजाराला मात्र एकसारखी, वाहतुकीत टिकणारी फळे लागतात. पिकताच आपसूक फुटणारा चिबूड किंवा एकेका वाडीतले वेगळ्या चवीचे तवसे यांना तिथे जागा मिळत नाही, आणि त्यांचे राखणे अजूनही परसावरच अवलंबून आहे.

पावसाळी परस ही मागासलेल्या काळातली नाइलाजाची सोय होती, असे समजणे चुकीचे ठरेल. उंचवटा, मांडव, राख, निचरा आणि नक्षत्रानुसार पेरणी यांतून अतिवृष्टीच्या प्रदेशात अन्न पिकवण्याचे एक पूर्ण शास्त्र कोकणातल्या स्त्रियांनी उभे केले, आणि त्याला ग्रंथ नसला तरी ऋषिपंचमीच्या भाजीत आणि माटोळीच्या चौकटीत त्याची अनुक्रमणिका शाबूत आहे. गावोगावच्या वृद्ध स्त्रियांकडून बियांची नावे, पेरणीचे दिवस आणि राखण्याच्या रीती लिहून घेण्याचे काम अजून होण्याजोगे आहे. ते त्यांच्या हयातीतच झाले पाहिजे, कारण या विषयाचे दुसरे दप्तर कुठेही नाही.